विश्लेषण : दिव्यांगांचे अनुदान नाकारले गेले, तर दाद कुठे मागायची?

टक्केवारी रुग्णालयात ठरते आणि अनुदान तहसील कार्यालयात. नकार यांपैकी कुठेही मिळू शकतो. मात्र दोन्ही नकारांची कारणे वेगळी, कायदे वेगळे आणि अपिलाची दारेही वेगळी आहेत. अनेक अर्जदारांना हा फरक ठाऊक नसतो. त्यातच तोंडी नकारावर विश्वास ठेवून ते परत फिरतात आणि अपिलाची मुदत निघून जाते.

सध्या हा विषय चर्चेत का आहे?

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य दीड हजार रुपयांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. म्हणजे वर्षाला १८ हजारांऐवजी ३० हजार रुपये. ज्या घरात दुसरे कमावते हात नाहीत, तिथे ही रक्कम औषधे आणि किराणा यांचा मोठा आधार ठरते.

रक्कम वाढत असतानाच छाननीही कडक होत आहे. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली. त्या प्रकरणात दिव्यांग प्रमाणपत्राच्या सत्यतेवरही प्रश्न उपस्थित झाले. पुढे राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी सेवेतील दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. बनावट प्रमाणपत्रे शोधणे आवश्यकच आहे. पण छाननी कडक होते तेव्हा खऱ्या अर्जदाराच्या वाट्यालाही त्रुटी, फेरतपासणी आणि नकार येऊ शकतात. अशा वेळी अपिलाची वाट मोकळी आणि माहितीची असणे महत्त्वाचे ठरते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. त्या वेळी जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, आम्लहल्ल्यातील पीडित, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश झाला. पात्र व्यक्तींचे वर्तुळ कायद्याने मोठे केले, पण लाभाच्या दारावरचे निकष त्या प्रमाणात बदललेले नाहीत.

लाभ मिळेपर्यंत किती टप्पे पार करावे लागतात?

ढोबळमानाने दोन. पहिला टप्पा वैद्यकीय. अर्जदाराने यूडीआयडी अर्थात वैश्विक ओळखपत्राच्या केंद्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतील किंवा अधिसूचित सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्रे केवळ या पोर्टलवरूनच देण्याचे बंधन १ जून २०२१ पासून सर्व राज्यांवर आहे. अर्जदार अज्ञान असेल किंवा बौद्धिक दिव्यांगत्वामुळे स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर त्याच्या वतीने कायदेशीर पालक अर्ज करू शकतात.

दुसरा टप्पा महसुली. हातात प्रमाणपत्र आले, म्हणजे अनुदान सुरू झाले असे होत नाही. संजय गांधी योजनेसाठी तहसील कार्यालयाच्या संबंधित शाखेत किंवा सेतू केंद्रामार्फत स्वतंत्र अर्ज करावा लागतो. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीतील नोंद, आधार आणि बँक खात्याचा तपशील जोडावा लागतो. अर्जाची छाननी होऊन तो तालुकास्तरीय समितीपुढे जातो.

पहिला टप्पा शरीराविषयी निर्णय देतो, तर दुसरा घरच्या परिस्थितीविषयी. रुग्णालयाने ७० टक्के दिव्यांगत्व मान्य केले, तरी उत्पन्नाच्या निकषावर तहसील अर्ज नामंजूर करू शकते. उलट, घरची कितीही हलाखी असली, तरी प्रमाणपत्रावर ३८ टक्के असतील तर तहसीलदार काही करू शकत नाहीत.

प्रमाणपत्राची व्याप्तीही नीट समजून घ्यायला हवी. कायद्यानुसार ते देशभर ग्राह्य आहे. पण बेळगावहून कोल्हापुरात राहायला आलेल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र चालले, तरी संजय गांधी योजनेसाठी महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याची अट तिला पूर्ण करावीच लागते.

टक्केवारी कशी ठरते आणि ती इतकी निर्णायक का?

कायद्याने ४० टक्के ही लक्षणीय दिव्यांगत्वाची सीमा मानली आहे. सरकारी नोकरीतील चार टक्के आणि उच्च शिक्षणातील पाच टक्के आरक्षण, एसटीच्या प्रवासातील सवलत, संजय गांधी योजना हे सारे या सीमेच्या पलीकडे सुरू होते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेची अट आणखी कठोर आहे. तिथे ८० टक्के म्हणजे तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, अशा दोन्ही अटी आहेत.

टक्के डॉक्टरांनी अंदाजाने लिहायचे नसतात. त्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. त्यातील तक्ते पाहिले, तर अनेकांच्या निराशेचे कारण कळते. उदाहरणार्थ, २०१८ च्या तक्त्यानुसार एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसऱ्या डोळ्याची जवळपास सामान्य असली, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. म्हणजे एक डोळा कायमचा गमावलेल्या व्यक्तीला प्रमाणपत्र मिळू शकते, पण अनुदान नाही. इथे डॉक्टरची चूक नसते. निकषच तसा आहे.

एकापेक्षा जास्त प्रकारचे दिव्यांगत्व असेल, तर टक्क्यांची थेट बेरीज होत नाही. त्यासाठी सूत्र आहे. मोठी टक्केवारी ९० मधून वजा करायची, उरलेल्या संख्येला लहान टक्केवारीने गुणायचे, ९० ने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या टक्केवारीत मिळवायचे. समजा एखाद्याला पायाचे ३५ टक्के आणि श्रवणाचे ३० टक्के दिव्यांगत्व आहे. बेरीज ६५ होते, सूत्राने मात्र सुमारे ५३ टक्के येतात. तरीही मुद्दा अर्जदाराच्या बाजूचा आहे, कारण स्वतंत्रपणे पाहिले तर दोन्ही आकडे ४० च्या आत आहेत आणि एकत्रित मूल्यमापन झाले, तरच तो पात्र ठरतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी पाय पाहिला, पण कानाची तपासणी झालीच नाही, असे घडले असेल तर अपिलासाठी ते ठोस कारण ठरते.

अर्ज किती काळात निकाली निघायला हवा?

२०१७ च्या नियमांत ही मुदत एक महिन्याची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित नियमांनी ती तीन महिने केली. याच सुधारणेने ओळखपत्रांना रंग दिले. ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांसाठी पिवळे आणि ८० टक्क्यांपासून पुढे निळे.

सुधारणेतील एक तरतूद फारशी चर्चिली गेली नाही. अर्जावर दोन वर्षांहून अधिक काळ निर्णय झाला नाही, तर तो निष्क्रिय होतो आणि अर्जदाराला पुन्हा अर्ज करावा लागतो किंवा जुना अर्ज सुरू करण्यासाठी यंत्रणेकडे जावे लागते. विलंब यंत्रणेचा असला, तरी अर्ज बाद होण्याचा फटका अर्जदाराला बसतो. त्यामुळे तीन महिने उलटल्यावर लेखी स्मरणपत्र देणे आणि त्याची पोच जपून ठेवणे ही आता केवळ दक्षता राहिलेली नाही, ती गरज झाली आहे.

रुग्णालयाने प्रमाणपत्र नाकारले किंवा टक्के कमी दिले तर?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ५८ प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय ठेवते. एक तर विहित नमुन्यात प्रमाणपत्र द्यायचे किंवा अर्जदाराला विनिर्दिष्ट दिव्यांगत्व नाही, असे लेखी कळवायचे. ‘तुमचे बसत नाही’, ‘पुढच्या बुधवारी या’ अशी तोंडी उत्तरे कायद्यात बसत नाहीत. नकाराची कारणेही लेखी देणे नियमांनुसार बंधनकारक आहे.

कलम ५९ अपिलाचा हक्क देते. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने व्यथित झालेली कोणतीही व्यक्ती राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकते. ‘निर्णय’ या शब्दात नकार येतो, तसे कमी टक्केही येतात. कायमस्वरूपी ऐवजी तात्पुरते प्रमाणपत्र दिले गेले असेल, तर तोही निर्णयच आहे.

अडचण अशी की अपिलाची मुदत आणि पद्धत ठरवण्याचे काम या कलमाने राज्यांवर सोपवले. त्यामुळे देशभर एकच उत्तर नाही आणि सामान्य अर्जदाराला ते सहज सापडतही नाही. सोपा मार्ग म्हणजे निर्णय हाती येताच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला लेखी विचारणा करणे : या निर्णयाविरुद्ध अपिलीय प्राधिकारी कोण आणि मुदत किती? उत्तर येण्याची वाट न पाहता अपिलाचा अर्ज तयार ठेवावा, कारण मुदत निर्णयाच्या तारखेपासून मोजली जाण्याची शक्यता असते.

अपिलात ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. कोणती तपासणी झाली नाही, कोणता जुना अहवाल पाहिला गेला नाही, मार्गदर्शक तत्त्वांतील कोणत्या तक्त्यानुसार टक्के ठरले, हे मुद्दे नेमकेपणाने मांडावे लागतात. श्रवणालेख, बुद्ध्यांक चाचणी, शस्त्रक्रियेची कागदपत्रे, रक्त संक्रमणाच्या नोंदी अशी कागदे जोडली, तर फेरतपासणीची मागणी बळकट होते. मानसिक आजार, हिमोफिलिया किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या विकारांत प्रकृतीत चढउतार असतात. तपासणीच्या दिवशी रुग्ण बरा दिसला, म्हणून टक्के कमी लागू शकतात. अशा वेळी वर्षभराच्या उपचारांची नोंद हाच खरा पुरावा ठरतो.

तहसील कार्यालयात अर्ज कोणत्या कारणांनी अडतो?

सर्वात मोठे कारण उत्पन्न. संजय गांधी योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. हा आकडा किती तोकडा आहे, हे साध्या हिशेबातून कळते. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातील एका व्यक्तीने या दराने १६१ दिवस काम केले, की कुटुंबाने ५० हजारांची मर्यादा ओलांडली. म्हणजे वर्षातील सहा महिनेही नीट मजुरी मिळाली, तर त्या घरातील दिव्यांग व्यक्ती कागदोपत्री अपात्र ठरते. याउलट २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. दोन्ही योजना एकाच राज्याच्या, पण ‘गरीब कोण’ याची व्याख्या पाचपट वेगळी.

या मर्यादेचा आणखी एक परिणाम होतो. प्रत्यक्ष उत्पन्न आणि दाखल्यावरील उत्पन्न यांत अंतर ठेवण्याचा दबाव अर्जदारावर येतो. मग चौकशीत तफावत आढळली, की अर्ज बाद होतो. विभक्त राहणाऱ्या भावाचे किंवा मुलाचे उत्पन्न कुटुंबाच्या उत्पन्नात धरले गेले, असाही वाद होतो. अशा वेळी शिधापत्रिका वेगळी असणे आणि स्थानिक पातळीवरील चौकशी अहवालात वेगळ्या राहण्याची नोंद असणे उपयोगी पडते.

दुसरी कारणे कागदपत्रांची असतात. आधार आणि प्रमाणपत्रावरील नावात फरक, जन्मतारखेतील विसंगती, तात्पुरत्या प्रमाणपत्राची संपलेली मुदत, हस्तलिखित जुने प्रमाणपत्र यूडीआयडीमध्ये वर्ग न झालेले. ही कारणे नामंजुरीची नाहीत, त्रुटीपूर्ततेची आहेत. त्रुटी दूर करण्याची संधी न देता थेट नामंजुरी दिली असेल, तर तो अपिलातील मुद्दा होऊ शकतो.

तहसीलचा नकार आल्यावर काय करता येते?

पहिले पाऊल येथेही लेखी आदेशाचेच. समितीच्या कोणत्या बैठकीत, कोणत्या कारणाने अर्ज नामंजूर झाला, याची प्रत मागावी. ती मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून समितीचे इतिवृत्त, चौकशी अहवाल आणि आपल्या अर्जावरील शेरे मागता येतात. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिले आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. माहितीच्या अधिकारातून अनुदान मिळत नाही, पण नकाराचे खरे कारण बाहेर येते आणि पुढचे अपील त्यावर उभे राहते.

कारण हाती आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या जिल्हा लोकशाही दिनातही तक्रार नेता येते. तक्रारीत नामंजुरी रद्द करण्याची मागणी आणि त्यासाठीचा पुरावा दोन्ही स्पष्ट असावेत. कारण दूर झाले असेल, म्हणजे नवा उत्पन्नाचा दाखला मिळाला किंवा प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले असेल, तर वर्षभर अपिलाच्या मागे लागण्यापेक्षा नव्याने अर्ज करणे अनेकदा जलद ठरते. मात्र नामंजुरीच चुकीची असेल, तर अपील सोडू नये. नव्या अर्जात मधल्या महिन्यांचा हक्क सांगणे कठीण जाते.

सेवेला विलंब होत असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी ठरतो. ज्या सेवा या कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्यांची यादी, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावी लागते. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा ती नाकारल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील अशी रचना आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी आपली सेवा त्या यादीत आहे का, हे पाहणे मात्र आवश्यक आहे.

नकार न देताच अनुदान थांबले, तर?

चालू लाभार्थ्यांच्या बाबतीत हे अधिक घडते. अर्ज फेटाळला जात नाही, आदेश निघत नाही, फक्त खात्यात पैसे येणे थांबते. हयातीचा दाखला वेळेत न पोहोचणे, आधार बँक खात्याशी जोडलेले नसणे, व्यवहार नसल्याने खाते निष्क्रिय होणे ही नेहमीची कारणे. पैसे थेट खात्यात जमा होऊ लागल्यापासून मधले हात कमी झाले. पण तांत्रिक अडथळ्याचे कारण सांगणारा माणूसही त्याबरोबर नाहीसा झाला.

ओळख पटवण्याची यंत्रणाच काही दिव्यांगांना नाकारते. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे बोटांचे ठसे उमटत नाहीत, अंध व्यक्तीला पडद्यावरील सूचनेनुसार डोळे मिचकावता येत नाहीत. आम्लहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींनी केलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, ओळख पडताळणीची प्रक्रिया दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्यासाठी न्यायालयाने २० निर्देश दिले. बँकेत किंवा सेवा केंद्रात ठशाअभावी अडवणूक झाली, तर पर्यायी पद्धतीची लेखी मागणी करताना या निकालाचा आधार घेता येतो.

अनुदान थांबल्यावर आधी ते बँकेत अडले की तहसीलमध्ये, हे पाहावे. खात्याची नोंद आणि आधार जोडणी बँकेत तपासावी. तिथे सर्व ठीक असेल, तर लाभार्थी यादीत नाव आहे का आणि नसेल तर कोणत्या आदेशाने वगळले, अशी विचारणा तहसीलकडे करावी.

राज्य आयुक्त आणि न्यायालये काय करू शकतात?

दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांना हक्क डावलले गेल्याच्या तक्रारींची चौकशी करण्याचे अधिकार आहेत. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केल्यावर संबंधित प्राधिकाऱ्याने कार्यवाही करून तीन महिन्यांत ती कळवायची असते, शिफारस मान्य नसल्यास कारण द्यायचे असते. पण आयुक्त हे वैद्यकीय मंडळ नव्हेत. ३८ चे ४० टक्के करून द्या, अशी मागणी त्यांच्याकडे टिकत नाही. नकार लेखी दिला नाही, अपिलाची सोय सांगितली नाही, तपासणीचे ठिकाण चाकाच्या खुर्चीने पोहोचण्याजोगे नव्हते, अशा तक्रारी तिथे योग्य ठरतात.

अन्य मार्ग खुंटल्यास उच्च न्यायालयात याचिका करता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिलेला निकाल इथे महत्त्वाचा आहे. वाचा-भाषा दिव्यांगत्व ४४-४५ टक्के असल्याने त्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवले गेले होते. केवळ टक्केवारीचा आकडा पाहून उमेदवाराला बाद करता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का याचे मूल्यमापन मंडळाने कारणांसह करायला हवे, असे न्यायालयाने म्हटले. अपिलीय मंडळे स्थापन होईपर्यंत प्रतिकूल अभिप्रायाला न्यायालयात आव्हान देता येईल आणि न्यायालयाने उमेदवाराला नामांकित वैद्यकीय संस्थेकडे फेरतपासणीसाठी पाठवावे, असेही त्यात स्पष्ट केले. हा निकाल शिक्षणप्रवेशाचा आहे, अनुदानाचा नाही. पण वैद्यकीय मंडळाचा शब्द अंतिम नसतो आणि त्याने कारणे द्यायलाच हवीत, हे तत्त्व दोन्हीकडे उपयोगी आहे.

खर्चाच्या भीतीने अनेक जण इथवर येत नाहीत. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातील विधि सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज करून वकील मागता येतो. अपिलाचा मसुदा तयार करण्यासाठीही ही मदत घेता येते.

अनुदान किती असावे, याबाबत कायदा काय म्हणतो?

अधिनियमाच्या कलम २४ मधील एक तरतूद क्वचितच चर्चेत येते. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनांतील इतरांच्या रकमेपेक्षा किमान २५ टक्के अधिक हवी. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. तरीही जुलै २०२३ मध्ये संजय गांधी योजनेची रक्कम दीड हजार झाली, तेव्हा ती विधवा, निराधार आणि दिव्यांग सर्वांना सारखीच होती. कायद्याच्या हिशेबाने दिव्यांगांना किमान १,८७५ रुपये मिळायला हवे होते. अडीच हजारांच्या निर्णयाने राज्याने ही अट ओलांडली, हे स्वागतार्हच. पण वाटेत आठ वर्षे गेली.

केंद्राच्या योजनेत ही विसंगती कायम आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतनात केंद्राचा वाटा १८ ते ७९ वयोगटासाठी महिना ३०० रुपये आहे. २०१२ पासून तो वाढलेला नाही. विधवा निवृत्तीवेतनातील वाटाही ३०० रुपयेच आहे. दिवसाला दहा रुपयांचा हा वाटा आणि त्यासाठी ८० टक्क्यांची अट, हे गणित राज्यांनी स्वतःची भर घालूनच सांभाळले आहे.

मग दोष नेमका कुठे आहे?

फसवणुकीला शिक्षा कायद्यात स्पष्ट आहे. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खोट्या लाभार्थ्याला पकडण्याची मोहीम, तिच्या मुदती आणि जबाबदार अधिकारी ठरवून दिले जातात. खऱ्या अर्जदाराला चुकीने बाद केले गेले, तर ती चूक किती दिवसांत आणि कुणी दुरुस्त करायची, याविषयी तेवढी स्पष्टता दिसत नाही.

हे बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. यूडीआयडी पोर्टलवर नकाराची नोंद होते त्याच वेळी कारण, अपिलीय प्राधिकाऱ्याचे नाव आणि अंतिम तारीख अर्जदाराला मराठीत संदेशाद्वारे पाठवता येते. तहसीलच्या नामंजुरी आदेशाच्या तळाशी अपिलाचा पत्ता छापता येतो. अनुदान थांबवण्यापूर्वी लाभार्थ्याला एक नोटीस देता येते. बँक, रुग्णालय आणि तहसील यांच्यात फिरणाऱ्या माणसाला व्हीलचेअर ढकलणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, रिक्षाचे भाडे भरावे लागते. प्रत्येक तोंडी नकाराची ही किंमत तोच मोजतो.

तोपर्यंत अर्जदाराच्या हाती उरते ते एवढेच : प्रत्येक कागदाची पोच घेणे, प्रत्येक नकार लेखी मागणे आणि तो रुग्णालयाचा आहे की तहसीलचा हे ओळखून त्याच दारावर अपील करणे. कायदा कलम ५८ आणि ५९ मध्ये हा हक्क देतो. लेखी नकार देण्याची सवय मात्र कार्यालयांना अजून लागायची आहे.